निळ्या काठाचे टाके

७ जानेवारी
खेळण्यांच्या दुकानवालीने बाहुलीघरातल्या पलंगांसाठी गोधड्या मागितल्यात. तळहाताएवढ्या! मी लगेच हो म्हटलं. बाहुलीला काय थंडी वाजणार, पण आजारपणापासून यांनी सुईला हात लावलेला नाही. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस दिवसभर नुसता खिडकीशी बसतो. बोटं कापतात म्हणे. मला बघवत नाही.

९ जानेवारी
यांचा जुना सदरा फाडला; गोधडीला एकीकडे निळा काठ लावला, दुसरीकडे लाल. एवढ्याशा गोधडीला विरलेलंच कापड हवं — नव्याची केली तर पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. टाकाही तिळाएवढा. मोठा घातला तर बाहुलीच्या अंगावर दोरखंड पडल्यासारखा दिसतो.
"अहो, मला एकटीला उरकायचं नाही हे," म्हटलं. निळ्या काठाकडून तुम्ही, लाल काठाकडून मी. नुसतं "हं" म्हणाले. पण बसले!

१० जानेवारी
सुईत दोराही त्यांच्याकडूनच ओवून घेते. बोटांना तेवढाच व्यायाम.

१५ जानेवारी
आज यांचे टाके बघितले. एकमेकांवर चढलेले, नुसते नाचतायत. बोलायची सोय नाही — एक शब्द बोलले तर सुई पुन्हा डबीत जाईल. दुपारी ते आडवे झाले की मी निळ्या बाजूचे टाके हलकेच उसवते आणि नव्याने घालते. लबाडी तर लबाडी!
उठल्यावर गोधडी उलटीपालटी करून बघतात. "बघा, किती छान आलेत!" मी म्हणते. आज हसले. हे हसणं मी विसरूनच गेले होते.

२१ जानेवारी
लेकीचा फोन. "आई, डोळे दाखवून घे. परवा मला लावायचा फोन मावशीला लावलास." मला काय धाड भरलीये! तब्येत वडिलांची बिघडली आणि काळजी माझी करते.

२८ जानेवारी
दुकानवाली न सांगता आली. एका गोधडीवरचे यांचे टाके उसवायचे राहिले होते — नेमकी तीच हिच्या हातात!
"काकू, बाकीच्यांचे टाके दोन्हीकडून सारखे आहेत, हाताचं काम वाटतं. पण हिच्या एकाच बाजूचे फार वाकडे हो."
हे समोरच बसलेले. मी चटकन म्हटलं, "माझेच ते. घाईत घातले."
"छे, माझे," हे म्हणाले. "माझाच हात कापतो."
तिच्यासमोर चांगले भांडलो आम्ही! ती हसत सुटली आणि ती वाकडी गोधडी इथेच ठेवून बाकीच्या घेऊन गेली. बिचारे, सरळ कबूल करून मोकळे झाले.

४ फेब्रुवारी
लेक आली आणि मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. हेही तिला सामील! आता नवा चष्मा करायला टाकलाय.

११ फेब्रुवारी
चष्मा आला. घातल्याबरोबर ती राहिलेली गोधडी काढली.
निळ्या काठाचे टाके आखल्यासारखे सरळ. नाचत होते ते लाल काठाचे.
म्हणजे रोज दुपारी मी —!
"अहो, मी उसवत होते ते माहीत होतं तुम्हाला?"
"जागाच असायचो."
"मग बोलला का नाहीत?"
"तू तरी कुठे बोललीस?"
आणि सुई माझ्या हातात दिली. सवयीने, दोरा ओवूनच.