एकशे अठरा पंजे

३ मार्च, सोमवार
नव्या संपादकबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. वय आमच्या पोरीएवढं, पण माणूस ओळखतात. म्हणाल्या, वीस वर्षांच्या मथळ्यांत 'पंजा' कुठेकुठे आलाय त्याची यादी करा. खरा पंजा एका रकान्यात, बाकीचे दुसऱ्यात. एवढं मोठं काम मलाच का? उघड आहे. ३१ला रिटायर होतोय, वर्षभराची मुदतवाढ मागितलीये, ती आता खिशात. हिला सांगितलं. ही म्हणाली, बाजारात तुरी.

५ मार्च
जुने अंक. धूळ. शिंका. मदतीला समोरच्या टेबलावरचा मुद्रितशोधक. चौदा वर्षं समोर बसतो, ऱ्हस्व-दीर्घाखेरीज माझ्याशी बोलत नाही. दबून असतो बहुधा.

८ मार्च
४६ झाले. महागाईचा पंजा, थंडीचा पंजा, डासांचा पंजा. शेवटच्यापुढे बाईंनी पेन्सिलीने लिहिलं, डासाला पंजा असतो का? पेपरात असतो. शिकतील हळूहळू. ४६पैकी ४४ माझे निघाले. ऊर भरून आला.

११ मार्च
खरा रकाना रिकामाच. सर्कशीतल्या अस्वलाने रखवालदाराचा खांदा फाडला होता, तिथे हमखास सापडेल म्हणून तो अंक काढला. मथळा माझाच: 'अस्वलाची दादागिरी'. पंजा तेव्हा फार साधा वाटला असणार.

१२ मार्च, सकाळी
संकल्प. आजपासून पंजा बंद.

१२ मार्च, संध्याकाळी
पान सोडायला दहा मिनिटं, मथळ्यात दोन अक्षरांची जागा उरलेली. 'उकाड्याचा पंजा'. नाइलाज. उद्यापासून नक्की.

१५ मार्च
हिच्या लाडक्या मांजराने मनगट सोलून काढलं. इंजेक्शन. रजेच्या अर्जात लिहिलं, 'मांजराने ओरबाडले, फार दुखते.' पंजा सुचलाच नाही.

१८ मार्च
११८. यादी पूर्ण. एक कात्रण मुद्रितशोधकाने बाजूला ठेवलं होतं. अकरा वर्षांपूर्वीचं, पान पाच. 'काळाच्या क्रूर पंजाने चिमुकली हिरावली'. त्याचीच मुलगी, सहा वर्षांची. आपल्या माणसाची बातमी म्हणून मी मुद्दाम मोठ्या टायपात घेतली होती. त्याने विचारलं, हे कोणत्या रकान्यात? मी म्हटलं, दुसऱ्या. तो म्हणाला, तीन दिवस तिच्या उशाशी होतो. ताप होता. पंजा कुठे दिसला नाही. रजेवर नसतो तर प्रूफातच खोडला असता.
मी म्हटलं, भावना तर पोचल्या ना? तो कात्रण दुसऱ्या रकान्यात लिहायला लागला. गहिवरला असावा.

१९ मार्च
ती पोरगी एकदा ऑफिसात आली होती. माझी लाल पेन्सिल मागत होती. कामात होतो, दिली नाही. मथळा देताना हे आठवलं नव्हतं. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

२४ मार्च
यादी दिली. ११८पैकी १११ माझे. फळ्यावर नवा नियम लागला: ज्याची नखं कापता येतात, त्याचाच पंजा छापायचा. मुदतवाढीचं विचारलं. बाई म्हणाल्या, यादीमुळे निर्णय सोपा झाला. म्हणजे मिळालीच!

२८ मार्च
टेबल रिकामं करायला सांगितलंय. मोठं देणार असतील. हिला म्हटलं तसं. हिने सामान आणायला पिशवी काढून दिली.

३१ मार्च
हार, चहा, दोन भाषणं. मुदतवाढ नाही. निवृत्तीच्या बातमीचा मथळा मीच देऊन ठेवला: 'निवृत्तीच्या पंजातही लेखणी अजिंक्य'. बातमी मुद्रितशोधक लिहिणार, असं बाई म्हणाल्या. चहाला जाताना लाल पेन्सिल त्याच्या टेबलावर ठेवली. तो जागेवर नव्हता.

१ एप्रिल
अंक आला. पान पाच, तळाशी. 'उपसंपादक निवृत्त'. खाली एकच ओळ: 'ते आजपासून येणार नाहीत.'
दुरुस्त करायला पेन्सिल शोधली. पिशवीत ती लालच सापडली. त्याने कधी परत ठेवली कळलं नाही.
ती ओळ चारदा वाचली. खोडण्यासारखं काही नव्हतं.