वापर : फक्त रविवारी

१३ फेब्रुवारी १९९६

नव्या फ्रीवेसाठी तीन मार्ग सुचवलेत. दोन हायवे जोडायचे, मध्ये सहा मैल. तिसरा मार्ग मिसेस हेअरस्टनचं चर्च पाडून — म्हणजे त्यातला आमचा हॉलही! शनिवारचा मुलांचा धम्मवर्ग, चौदा एप्रिलची जयंती, नऊ वर्षं सगळं तिथेच.

आज ऑफिसतर्फे पाहणीला गेलो. मंगळवार. कुलूप. फॉर्मवर 'वापर' या रकान्यात लिहिलं — फक्त रविवारी. आमचं काही लिहिलं नाही. स्वतःचा संबंध असेल तिथे हात आखडता घ्यावा. बरोबर ना?

हर्षिता म्हणाली, "अहो, पण हे खोटंच झालं की!"

२७ फेब्रुवारी

निवडीत तिसरा मार्ग पहिला आला. दोन गुणांनी. 'वापर'चा रकाना चार गुणांचा; खरा वापर लिहिला असता तर हा मार्ग मागे पडला असता!

बॉसला सगळं सांगितलं. "आता फॉर्मला हात लावू नकोस. लोकांची हरकत आली तर पुन्हा मोजू." म्हणजे चर्चचं एक पत्र पुरे.

१० मार्च

जयंतीसाठी हॉल मागायला गेलो. किल्ल्या मिसेस हेअरस्टनकडेच. सत्तरी उलटली तरी. "या वर्षी तो पिवळा भात जपून वाढा. माझा टेबलक्लॉथ अजून हळदीचा आहे!" मग हळूच — "त्या रस्त्याचं काय? आम्ही सुनावणीला यायचं का?"

"मला त्यावर बोलता येत नाही." ऑफिसचा नियम.

त्यांनी माझा हात थोपटला. "समजलं."

घरी उपासना चिडली. "डॅड, जस्ट टेल हर!" सोळा वर्षांची आहे. तिला सोपं वाटतं. की सोपंच आहे?

२१ मार्च

सुनावणी. पहिल्या मार्गावरचे गोल्फवाले दीडशे जण, सगळ्यांचे हिरवे टी-शर्ट. चर्चचं कुणी नाही. मी सारखा दाराकडे बघत होतो.

४ एप्रिल

लेखी हरकतींची मुदत पाच वाजता संपली. फाइल दोनदा चाळली. चर्चचं पत्र नाही.

१४ एप्रिल

जयंती. वंदना झाली, जेवणं झाली. धीर करून विचारलं — सुनावणीला का नाही आलात?

मिसेस हेअरस्टन हसल्या. "तू बोलता येत नाही म्हणालास, तेव्हाच ओळखलं. आपला माणूस आत आहे, तो बघून घेईल. मीच घरोघरी सांगून आले, कुणी जाऊ नका, उगाच त्याची नोकरी अडचणीत येईल."

पुढच्या वर्षीची तारीखही लिहून घेतली त्यांनी.