सात टॅब आणि एक मसुदा

सोमवार, सकाळी ११.४०
आज ग्राहक वापरतात तो चालू सर्व्हर बंद पाडला. चूक माझी नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सात टॅब उघडे, सातांवर एकच नाव: बॅश. सात भावंडांना एकच नाव ठेवलं तर आई हाक कुणाला मारणार? टेस्टिंगचा समजून चालूच रीस्टार्ट केला. साहेबांना हे पटलं नाही. शुक्रवारी ग्राहकांसमोर डेमो आहे, तो नीट झाला तर टीम लीडचं बघू, म्हणाले. म्हणजे झालोच.
संकल्प: प्रत्येक टॅबला वेगळं नाव. दहा मिनिटांचं काम. मग डेमोची तयारी.

मंगळवार, संध्याकाळी ६
दहा मिनिटं अजून चालू आहेत. नाव दिलं की दिसतं, एंटर दाबलं की शेल, म्हणजे कमांड पाळणारा तो बॅश, पुन्हा स्वतःचंच लिहितो. शेवटी त्याची खोड मोडली. डेमोची तयारी उद्या.
बायको म्हणाली, सहा महिने झाले, स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावायला सांगतेय. तिला ऑटोमेशन समजावून सांगितलं. ती उठून गेली.

बुधवार
शेल वठणीवर आला तर फाइली लिहायचा एडिटर रुसला. त्याच्या सेटिंगमध्ये दोन ओळी घातल्या, मग त्या दोन सांभाळायला एकवीस. आता जी फाइल उघडेन तिचं नाव आपोआप टॅबवर. शेजारच्या टेस्टिंगवालीला दाखवलं. तिचे नऊ टॅब, नऊही बॅश. ती म्हणे कमांड देण्याआधी वाचून बघते. जुन्या वळणाची आहे. वय चोवीस.
साहेबांनी तयारीचं विचारलं. जोरात आहे म्हणालो. ते "बघू" म्हणाले. डोकं फिरलं. राजीनाम्याची जुनी फाइल उघडून एक परिच्छेद वाढवला. द्यायचा नाहीच, पण लिहिलं की बरं वाटतं.

गुरुवार
चालू सर्व्हरच्या नावाआधी लाल गोळा, टेस्टिंगच्या आधी हिरवा. दिवस गेला, पण गोळे देखणे आलेत. डेमो काय, सकाळी नजर टाकली की झालं.

शुक्रवार, दुपारी १२.१५
मोठ्या पडद्यावर सातही नावं शेवटच्या खुर्चीतून वाचता येत होती. डेमो चालला नाही, तो भाग वेगळा. ग्राहक वर बघत होते. मला वाटलं, गोळे आवडले. साहेबांनी चष्मा पुसला आणि सातवा टॅब वाचला.
"राजीनामा, मसुदा चार." मग म्हणाले, "पहिल्या तिनात काय कमी पडलं?"

शुक्रवार, संध्याकाळी
टेस्टिंगवाली टीम लीड. वाईट वाटलं, इथे खोटं कशाला लिहू. साहेब म्हणाले, द्यायचा असेल तर सोमवारी द्या, नाहीतर पुसून टाका.

सोमवार
पुसला. जाणार कुठे? फाइल गेली, टॅबवरचं नाव मात्र जाईना. माझ्याच एकवीस ओळी दोन तास तपासल्या. शेवटी नव्या लीडला बोलावलं.
तिने टॅब बंद केला.