सिंधूताईंच्या गाण्यांतून कापलेलं नाव

मी, अन्वर खान गुलाब खान, वय ६३, धंदा मोबाईल दुरुस्ती, राहणार जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलढाणा, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहितो. मला कोणी भरीस घातलेलं नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे.

१. घर व दुकान शरियतप्रमाणे मुलगा मुजम्मिल व मुलगी नाजिश यांना जाईल. त्यात मी ढवळाढवळ करत नाही.

२. गाव मला चोर म्हणतं. लोकांच्या मेमरी कार्डात मी चोरून उतरवलेली गाणी, पिक्चर भरून दिले. हो, दिले! ज्यांचे पिक्चर होते त्यांना जानेफळ कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. त्यांची माफी मी मागणार नाही. रामराव गुरुजी शाळेत प्रामाणिकपणावर भाषण ठोकून थेट माझ्याकडे कार्ड भरायला येत. त्यांचं एक कार्ड ड्रॉवरमध्ये राहिलं आहे, ते त्यांच्या सूनबाईंसमोर परत द्यावं.

३. एक चोरी मात्र कबूल. उंद्रीच्या सिंधूताईंनी पदरमोड करून स्वतःच्या भीमगीतांची सीडी काढली होती. प्रत्येक गाण्याआधी त्या आपलं नाव, गाव सांगत. आम्ही कार्डवाले गाण्याच्या सुरुवातीला आपल्या दुकानाचं नाव चिकटवायचो, दुसऱ्या दुकानदाराने उचललं तर कळावं म्हणून. मी त्यांचं नाव कापलं आणि तिथे माझ्या आवाजात "अन्वर मोबाईल, जानेफळ" घातलं. गाणी तालुकाभर वाजली. एक दिवस त्या दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊ, गाणं घेतलं तं घेतलं, माहं नाव काऊन कापलं?" मी खाली मान घालून मोबाईल पुसत बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

४. त्यांच्याकडे आता एकही सीडी नाही. न कापलेली गाणी फक्त माझ्या काळ्या हार्डडिस्कवर आहेत. ती डिस्क त्यांना घरी नेऊन द्यावी. मुजम्मिल म्हणतो, "अब्बा, ही गाणी लोक तुमच्याच नावानं ओळखतात, माझ्या चॅनलवर टाकतो." टाकून तर पाहाय बे! वारसा कायद्याने घे, पण माझ्या मातीला येऊ नको.

५. नाव कापलेल्या सगळ्या प्रती नाजिशने दुकानातल्या कॉम्प्युटरवरून पुसाव्यात. बेटी, घशाच्या ऑपरेशनात माझा आवाज गेला. आता माझा आवाज म्हणून तेवढाच उरला आहे, आणि तू तो रोज लावून ऐकतेस, हे मला माहीत आहे. तरी पूस. एकही ठेवू नको.

सही: अन्वर खान

अन्वरभाईंनी हे आम्हांस वाचायला देऊन आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: १. इंद्रभान सरकटे २. प्रेमानंद गवई
जानेफळ, ता. ९ फेब्रुवारी २०२५