काटा मालाकडे झुकतो

१ एप्रिल १९३८, शुक्रवार. पाडवा.

मोटार दारात आली. सुरतेच्या एका पेन्शनर इंजिनियराने फार जड मनाने दिली. किल्ली देताना तो हसत होता, पण माणूस दुःखातही हसतो.

आता शहाद्यात मोटारी दोन. दुसरी चुलतभाऊ मांगीलालची. ती सर्व्हिस मोटार, शहादा ते नंदुरबार. आत माणसे, टपावर पोती आणि कोंबड्या. रोज सकाळी हँडल मारता मारता मांगीलालचा खांदा उतरतो. माझ्या गाडीला सेल्फ आहे. बटण दाबले की इंजिन चालू, धोतराची घडीसुद्धा मोडत नाही.

संकल्प केला. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवापूरला धाकट्या बहिणीच्या, अनोखीबाईच्या मुलीचे लग्न आहे. मामाचा मायरा, म्हणजे माहेरचा आहेर, घेऊन मी याच मोटारीतून जाणार. रेल्वेने नाही, आणि मांगीलालच्या खटाऱ्यातून तर नाहीच. अनोखी ताट घेऊन दारात उभी असेल, मी मोटारीतून उतरेन, ती मला टिळा लावील, मी तिला चुनडी पांघरवीन. तिच्या सासरचे लोक इतकी वर्षे तिला ऐकवत आले आहेत की तुझ्या माहेरचे नुसते बोलतात. तिला सख्खा भाऊ मी एकटा. या वेळी त्यांची तोंडे बंद करायची.

रोजनिशी मराठीत लिहिणार. घरात आणि दुकानात सगळ्यांना मारवाडीच वाचता येते.

४ एप्रिल.

दिवेलागणीला दुकानाच्या दारात मोटार उभी करून दोन्ही दिवे लावले. लक्ष्मी यायची वेळ. गावात वीज नाही, सगळी पेठ कंदिलावर. माझ्या दिव्यांचा झोत थेट समोरच्या कापडवाल्याच्या गादीवर. त्याला डोळ्यांवर हात धरून गिऱ्हाईक करावे लागले. लोक जमले. जेवायची हाक येईपर्यंत दिवे चालू ठेवले.

एक शोध लागला. गाडीत समोर लहान घड्याळासारखे यंत्र आहे, त्यात एक काटा. दिवे लावले की काटा डावीकडे झुकतो, विझवले की मध्ये येतो. आमच्या दुकानात माल डाव्या पारड्यात, वजने उजव्या. काटा डावीकडे म्हणजे माल जास्त. तेव्हा दिवे लावल्याने बॅटरी भरते. इंजिनियराने हे मला सांगितले नव्हते. ही माणसे ज्ञान दडवून ठेवतात.

५ एप्रिल, सकाळ.

बटण दाबले. सेल्फ एकदा कण्हला आणि गप्प.

दृष्ट. दुसरे काही नाही. काल कापडवाला ज्या नजरेने बघत होता ती मी पाहिली होती. बॅटरीला लिंबू-मिरची बांधली. तरीही काही नाही, पण जुनी दृष्ट उतरायला वेळ लागतो.

दुकानचा हमाल झिपरू आणि चौघांनी ढकलून गाडी चालू केली. झिपरू म्हणाला, शेठ, आम्हनी बैलगाडीले दिवा नही, तरी ती रोज चालस. अडाणी माणूस. मी रागावलो नाही. म्हणजे रागावलो, पण थोडा.

७ एप्रिल.

बॅटरी कापसाच्या जिनात नेली. तिथला इंजिनवाला करणसिंग जिनाच्या डायनॅमोवर ती भरून देतो. त्याने विचारले, दिवे लावता तेव्हा इंजिन चालू असते का. मी म्हणालो, कशाला, रॉकेल-पेट्रोल फुकट येते काय. मग त्याला काट्याची गोष्ट सांगितली, तराजूसकट. तो इंजिनात तेल घालायला निघून गेला. त्याला पटलेले दिसले.

बॅटरी मांडीवर घेऊन घरी आलो, तेव्हापासून धोतराला खाली भोके पडली आहेत. परीट बदलायला हवा.

९ एप्रिल.

पुन्हा मेली. बॅटरी.

रात्रभर विचार केला आणि कारण सापडले. माल गोदामात पडून राहिला की कुजतो. भुईमूग घ्या, कापूस घ्या. विजेचेही तेच असणार. माझी वीज रात्रभर नुसती पडून असते. उलाढाल वाढवली पाहिजे. आजपासून सकाळी पूजेच्या वेळीही दिवे.

बॅटरीत डिस्टिल वॉटर घालायचे असते म्हणे, नाशिकहून मागवून. आमच्या परसातल्या विहिरीचे पाणी गावात सर्वांत गोड. तेच घातले. वर गंगाजळीतला एक चमचा.

१२ एप्रिल.

मांगीलाल दुकानी येऊन बसला. हँडल कुठे आहे, मी मारून देतो म्हणाला. मी म्हणालो, ज्या गाडीला सेल्फ आहे तिला हँडल मारणे म्हणजे दात असताना वरण पिणे. तो गेल्यावर हँडल लोहाराकडे पाठवले आणि त्याचा मोठ्या तराजूला टांगायचा आकडा करून घेतला. आता मोह उरला नाही. आकडा फार सुबक झाला आहे.

१४ एप्रिल. हनुमान जयंती.

आज बॅटरी जिनातून ताजी भरून आली. दर्शनाला मोटारीने गेलो. देवळासमोर कीर्तन रंगात आले होते, सीतेचा शोध लागणार तेवढ्यात माझा हॉर्न वाजला. एकदा वाजला तो थांबेचना. बटण सोडले तरी चालू. बुवा थांबले, टाळकरी थांबले, हॉर्न थांबेना. मांगीलाल गर्दीतून आला, बॉनेट उघडून एक तार उपटली. मी तीच तार उपटणार होतो. त्याने घाई केली.

माझी बायको रूपकंवर घुंगट पुढे ओढून मागच्या सीटवर बसली होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. भक्तीचा परिणाम असावा.

२० एप्रिल.

आज मात्र बोलली. म्हणाली, चार दिवस दिवे लावू नका, मग बघू काय होते ते. मी तिला शांतपणे विचारले, मोटार तू चालवतेस का मी? ती म्हणाली, दोघेही नाही, झिपरू ढकलतो.

दिवे बंद करायचा प्रश्नच नाही. पंधरा दिवस लावले आणि आज विझवले तर कापडवाला काय समजेल? आणि काटा मला रोज संध्याकाळी स्वच्छ दिसतो. मालाकडे झुकलेला. माणसे खोटे बोलतील, काटा बोलत नाही. हल्ली तो थोडा कमी झुकतो, ते माल दाबून भरल्यामुळे.

२४ एप्रिल.

मांगीलालला नंदुरबार स्टेशनवर अनोखीचा दीर भेटला. त्याच्याजवळ तिने निरोप दिला आहे: भाईजींना म्हणावे मोटार नसली तरी चालेल, पण वेळेवर या. मायरा आखातीजेच्या आदल्या दिवशी सकाळी आहे, माझी जाऊ आत्तापासून विचारते आहे की तुझा भाऊ येणार ना.

वाईट वाटले. मोटार नसली तरी चालेल म्हणजे काय? मोटार आहे. तिच्यासाठीच आहे. मांगीलालला सांगितले, उलट निरोप दे, भाऊ मोटारीतूनच येईल आणि हॉर्न वाजवत येईल. मांगीलाल म्हणाला, हॉर्नचे कळवायला नको, तो नवापूरला असाही ऐकू जाईल.

३० एप्रिल.

सर्व तयारी. चुनडी, भाचीचे दागिने, व्याह्यांची कापडे, सगळे एका पेटीत, पेटी मागच्या सीटवर. बॅटरी करणसिंगने आज भरून दिली. देताना हात जोडून म्हणाला, शेठ, नवापूरपर्यंत दिव्याला हात लावू नका. मी हो म्हणालो. दिवेलागणीला लावले, पण थोडाच वेळ, शकुनापुरते.

१ मे, सकाळ.

सेल्फला चालू झाली. पहिल्या बटणाला. पेठेतल्या सगळ्यांनी पाहिले. कापडवाल्यानेही पाहिले. मी म्हणतच होतो.

मायरा आहे, म्हणून रूपकंवरला मागे पेटीजवळ बसवून दोन्ही दिवे लावूनच निघतो आहे. सूर्य वर आहे, पण मंगल कार्याला दिवा लागतोच. करणसिंगला हो म्हणालो होतो, पण तो जिनवाला, त्याला रीतिरिवाज कुठून ठाऊक.

त्याच दिवशी, दुपार. प्रकाशे, तापीकाठ.

गाडीत बसून लिहीत आहे. जे झाले ते असे.

प्रकाशाला पोहोचलो, एकदम झकास. पात्रात उतरण्याआधी देवदर्शन घ्यावे म्हणून इंजिन बंद केले. घोड्यालाही आपण विसावा देतो. दिवे तसेच ठेवले, गाडीवर लक्ष राहावे म्हणून. देवळातून आलो तर एक म्हातारे सावकार मोटारीजवळ काठी टेकून उभे. फार हळहळून म्हणाले, पोरा, कुठल्या मालात बुडालास? मला कळेना. मग आठवले. जुन्या काळी दिवाळे निघाले की सावकार भर दिवसा पेढीवर दिवा लावून बसे. त्यांना समजावले की मी बुडालो नाही, मायऱ्याला चाललो आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि होईल सगळे ठीक म्हणून गेले.

बटण दाबले. नुसती टिक. पुन्हा टिक. मग टिकही नाही.

एवढ्यात मागून मांगीलालची सर्व्हिस आली. त्याने उतारूंना खाली उतरवले, म्हणाला ढकलून बघू. कोंबड्यांच्या मालकांनी माझा मायरा ढकलायचा? मी नको म्हणालो. मग म्हणाला, गाडी राहू दे इथे, नावाड्यांना सांगतो, तू, वहिनी आणि पेटी माझ्या गाडीत या, नंदुरबारहून नवापूरची आगगाडी मिळते आहे, मीही लग्नाला येतोच आहे. मी म्हणालो, बॅटरी थकली आहे, मेलेली नाही. तासाभराचा विसावा दिला की उठते. मी मागून येतो, तुझ्याआधी पोहोचतो.

रूपकंवरने पेटी उचलली. एकटीने उचलली. सर्व्हिसमध्ये चढताना मला म्हणाली, थे भी चालो. म्हणजे तुम्हीही चला. मांगीलालने इंजिन चालू ठेवून वाट पाहिली. बरीच पाहिली. मी मोटारीच्या दारावर हात ठेवून उभा राहिलो. सगळे उतारू बघत होते. त्या लोकांसमोर मी त्या गाडीत चढणार नव्हतो.

ते गेले. विसावा चालू आहे. काटा मध्ये स्थिर आहे, म्हणजे माल आणि वजन बरोबर.

२ मे, नवापूर. संध्याकाळ.

बॅटरी उठली नाही. काल दिवस मावळेपर्यंत बसून राहिलो. शेवटी नावाड्यांनी मोटार ढकलून देवळामागच्या चिंचेखाली लावली. आज पहाटे एका बैलगाडीने नंदुरबार, तिथून आगगाडी. अनोखीच्या दारी आलो तेव्हा उन्हे उतरली होती. मांडवातली माणसे जेवून पसरली होती.

मायरा सकाळीच झाला. मुहूर्त टळत होता. अनोखी ताट घेऊन दारात उभी राहिली, तिच्या जावा मागे उभ्या. टिळ्याचे कुंकू तिने दोनदा भिजवले, असे रूपकंवरने सांगितले. मग अनोखीच्या सासऱ्यांनी विचारले, भाऊ कुठे आहे. तेव्हा मांगीलाल पुढे झाला, म्हणाला, मीही भाऊच. बाजोटावर, म्हणजे चौरंगावर, तो उभा राहिला. टिळा त्याला. चुनडी त्याने पांघरवली. बायकांनी मायऱ्याची गाणी म्हटली ती त्याचे नाव घालून.

चुनडी मी निवडलेली होती. हे कुणाला सांगितले नाही.

अनोखीने मला वाढले. नवी चुनडी तिच्या अंगावर होती. मी तिला समजावून सांगितले की मोटार वाटेत सोडून येणे शक्य नव्हते, इतकी किमती वस्तू, परका गाव. तिने सगळे ऐकून घेतले, पुरीवर तूप घातले आणि विचारले, भाईजी, मोटर एकली डर जाती कांई? मोटार एकटी भ्याली असती का.

तोंडात घास होता. नंतर परसात जाऊन तोंड धुतले, पुष्कळ वेळ धुतले. मला रडू आले. लिहून ठेवतो, कारण हे कुणी वाचणार नाही.

४ मे.

लग्न नीट पार पडले. परतीला नंदुरबारपर्यंत रेल्वे. पुढे मांगीलालची सर्व्हिस, कारण दुसरे काही नव्हते. मला त्याने पुढे बसायला सांगितले. मी मागे बसलो, पोत्यांजवळ. रूपकंवर पुढे बसली. मांगीलालच्या कपाळावर अजून थोडे कुंकू होते.

तापी उतरून प्रकाशाला आलो. मोटार चिंचेखालीच होती. टपावर चिंचेचा पाला पडला होता, आणि एक शेळी बॉनेटवर चढून उभी होती. मांगीलालने गाडी हळू केली. माझ्याकडे वळून पाहिले. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या बाईने खिडकीतून मान काढून विचारले, ही कोनी मोटार शे?

मी म्हणालो, माहीत नाही.