देशाचं विद्यापीठ आणि तुमच्या चपला

आण्णा, परदेशातल्या एका राष्ट्रीय विद्यापीठानं मला कायमची नोकरी देऊ केलीय. उद्या उत्तर द्यायचंय आणि विचारायला घरात कोणी नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. दिल्लीच्या केंद्रीय विद्यापीठात मला सोडायला आला होतात, तो दिवस सारखा आठवतो. जन्मभर गवंडीकाम केलेले तुम्ही, फाटकाशीच चपला काढून हातात घेता. ऊन रणरणतंय, पोरंपोरी वळून बघतायत, आणि मी शरमेनं अर्धमेली. "आण्णा, घाला की! हे काय विहार हाय का?" तुम्ही शांतपणे म्हणता, "शिकायची जागा हाय. त्येच्यापरीस मोठा विहार कोन्चा? आन् देशाचं हाय म्हंजी आपलं बी हाय. भिऊ नगंस."

त्या एका वाक्याच्या जोरावर मी पुढे देशोदेशीची विद्यापीठं पाहिली. तोच माझ्या अभ्यासाचा विषय झाला. मेक्सिकोतलं राष्ट्रीय विद्यापीठ म्हणजे एक गावच. फी नावापुरती आणि सरकारशी भांडायची हक्काची जागा. दक्षिण कोरियात राष्ट्रीय विद्यापीठात नंबर लागला की अख्खं घर तरलं असं मानतात. सिंगापूरचं विद्यापीठ देशाच्या कारखान्यांना, कचेऱ्यांना लागतील ती माणसं तयार करतं. प्रत्येक देश तिथं आपल्याला हवा तसा माणूस घडवतो, हे मी वर्गात छातीठोकपणे सांगते. पण तुमचा हिशेब परदेशात लागू पडत नाही, आण्णा. तिथलं विद्यापीठ त्यांच्या देशाचं असतं, माझं नसतं. मागे काही महिने शिकवायला गेले होते, तेव्हा दुपारी डबा एकटीच उघडायची.

मग इथंच ऱ्हा की, असं म्हणाल. राहिलेच आहे. अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवते, संध्याकाळी एसटीनं केजला परतते. तुमच्यामागं आईही गेल्यापासून शेजारची मावशी तेवढी विचारते, "आलीस का गं बाई? लई उशीर केलास आज." तिच्यावाचून माझ्या येण्याजाण्याचं कुणाला काही नाही.

उद्या मी हो कळवणार आहे. लोकांना सांगेन, संशोधनासाठी चालले. तुम्हाला खरं सांगते, हे घर खायला उठतं म्हणून चाललेय. एकटी बाई राहते हे कळू नये म्हणून तुमच्या त्या चपला मी अजून दाराबाहेर ठेवते. येणाऱ्याला वाटावं, आत माणूस आहे. संध्याकाळी परतल्यावर त्या दिसतात, आणि क्षणभर मलाही तसंच वाटतं.