शेरा नसलेलं घर

सोमवार, ४ मार्च

पोहोचले एकदाची! राजधानी बॅटन रूज सोडल्यावर दलदलीतून रस्ता असा की गाडीपेक्षा होडी बरी. पण वृद्धाश्रम देखणा आहे. पांढऱ्या भिंती, रुंद ओसरी, समोर खाडी. सरकारी इमारत असून सगळे पंखे फिरतात, हेच पहिलं नवल.

विधिमंडळाच्या लेखापरीक्षक कार्यालयात बरीच वर्षं काढली, पण एकटीने तपासणी ही पहिलीच. सरकारी खाती जे करतो म्हणतात ते खरंच करतात का, हे स्वतः पाहून आमदारांना सांगायचं, एवढंच आमचं काम. त्यामुळे आमच्यावर प्रेम कुणाचंच नसतं. या आश्रमावर आजवर एकही शेरा नाही. आर्सेनो साहेब म्हणाले, मार्सलीन, मी माझ्या आईच्या स्वयंपाकघरावरसुद्धा दोन-चार शेरे मारीन, मग हेच घर एवढं धुतल्या तांदळाचं कसं? जा, बघून ये.

निघताना नेहमीचा मंत्र दिलाच: तपासायला गेलो तिथलं पाणीही प्यायचं नाही. मीठ खाल्लं की जीभ उचलत नाही. साहेब स्वतः इतके कडक की बाहेर कुणाच्याही हातचं घेत नाहीत. ऑफिसात कॉफी घेतात ती फक्त माझ्या हातची, तीन चमचे साखर घालून. मी सँडविच, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या आहेत.

मंगळवार, ५ मार्च

इथली कारभारीण युलाली. सगळे तिला मावशी म्हणतात. नोकरीत किती वर्षं आहे कुणालाच आठवत नाही, पण गाल पोरीसारखे. मी कॉफी नाकारली तर म्हणाली, आपल्या केजन मातीतली पोर ना तू? दारची कॉफी नाकारायला तुझ्या आजीने शिकवलं होय? मेल्यासारखं झालं मला. आमच्याकडे कॉफी नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. तरी नाहीच घेतली.

म्हाताऱ्यांना एकेकटं गाठून बोलले. प्रत्येकाचं उत्तर एकच: जेवण छान, काही तक्रार नाही. म्हातारी माणसं आणि तक्रार नाही! माझे आजोबा स्वर्गातही उशीवरून कटकट करत असतील. एक आजोबा जाता-येता आगीच्या घंटेचं बटण चाचपतात. एक आजी प्रत्येक चमचा उजेडाकडे धरून तपासते. मला हसू आलं.

बुधवार, ६ मार्च

दक्षिणेचा वारा सुटलाय. खाडी रस्त्यावर आली, फोन बंद. डबा पुरवून खाते आहे.

जेवणाच्या टेबलाशी एक म्हातारा बसला होता. कानामागे पेन्सिल, टोक पुढे काढलेलं. ती सवय मी ओळखते. तो ल्यूसियन एबेर आहे. त्यानेच मला काम शिकवलं. तीन वर्षांपूर्वी इथे तपासणीला आला आणि इथूनच राजीनामा धाडला. तेव्हा चाळिशीचा होता. आता ऐंशीचा दिसतो.

मी हाताला धरून हलवलं, नावाने हाक मारली. काही तक्रार नाही, म्हणाला, आणि वाडगा पुढे करून आणखी गंबोचा रस्सा मागितला.

शुक्रवार, ८ मार्च

आता कळलं, पेन्सिलीसारख्याच इतरांच्या सवयींवरून. बटण चाचपणारे आजोबा अग्निशमन खात्याचे. चमचेवाली आजी आरोग्य खात्याची. बाकीचेही असेच, काही ना काही तपासायला आलेले. इथलं जेवलेले.

खरे म्हातारे कुठे आहेत, असं मी मावशीला विचारलंच. ते केव्हाच संपले गं, म्हणाली. घर रिकामं ठेवून कसं चालेल? खाणारी माणसं हवीत. ती स्वतः घासही घेत नाही. फक्त बघत बसते. त्यांचं जेवण आटोपलं की तिच्या गालांवर आणखी लाली—

चालत निघाले. पाणी छातीपर्यंत. मागे फिरले.

रविवार, १० मार्च

बाटल्या संपल्या. खाडीचं प्यायले, ओकले. ओठ फुटलेत.

मावशीने ओसरीवर कॉफी ठेवली. चिकोरी घातलेली, काळी, दाट. आजी करायची तोच वास.

जेवण थोडंच आहे? कॉफीच तर— एक घोट. एकच.

सोमवार, ११ मार्च

वेणीत पांढरे केस. हातांवर डाग. मागचं वाचून हसू आलं. किती छान घर आहे हे, आणि मी काय काय—

नाही. हे मी लिहिलेलं नाही. हात माझा, पण—

बुधवार, १३ मार्च

पाणी ओसरलं. रस्ता मोकळा. किल्ली खिशातच आहे. जेवण झालं की निघते.

जेवण झालं. आता संध्याकाळचं झालं की—

गुरुवार, १४ मार्च

साहेब आले! मला शोधत. बगलेत स्वतःचा डबा. मावशीला म्हणाले, पाणीही नको. शाब्बास.

मला बघून रडले. मार्सलीन, पोरी, काय झालं गं तुझं. ऊठ, घरी चल. मग मटकन बसले. घसा कोरडा पडलाय म्हणाले. त्यांचं पाणी गाडीत राहिलंय.

मावशीने मला आत नेऊन किटली दिली. तुझ्या हातची चालते ना त्यांना? मीच सांगितलं असणार. कधी सांगितलं?

ओरडायचंय. घेऊ नका, एवढंच. तोंड उघडलं की येतं— काही तक्रार नाही.

म्हणून लिहिते. कपासोबत ही वही त्यांच्यापुढे धरीन. वाचतील. साहेब, ही कॉफी— साहेब, कॉफी गरम आहे, लगेच घ्या. साखर तीन चमचे, विसरले नाही मी, तीन—